पहिल्या वॉर्डात नको म्हणून बायका पाया पडायच्या, एका डॉक्टरने ते मनावर घेतलं

आजकाल हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला की मोबाईलवर मेसेज येतो. सेवा कशी वाटली, स्वच्छता होती का, डॉक्टर नीट बोलले का. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ नावाची अशीच यंत्रणा सुरू केली. बरेच लोक तो मेसेज न वाचता उडवून टाकतात. पेशंटला मेडिकलमधलं काय कळतंय, असं बऱ्याच डॉक्टरांना वाटतं आणि खरं सांगायचं तर पेशंटलाही तसंच वाटतं.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका नामांकित हॉस्पिटलमध्ये उलटं झालं होतं. तिथल्या गरीब, अडलेल्या, बहुतेक अविवाहित बायकांना जी गोष्ट कळली होती, ती मोठमोठ्या प्रोफेसरांना कळत नव्हती. त्या बायकांचं म्हणणं एका तरुण डॉक्टरने मनावर घेतलं. त्याचं नाव इग्नाझ सेमेलवाइस.

हात धुण्याचा शोध लावणारा डॉक्टर म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. पण हात धुवायला लावण्याच्या आधी त्याने काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

सेमेलवाइसचा जन्म १ जुलै १८१८ चा, हंगेरीतल्या बुडा शहराचा. आजचं बुडापेस्ट तेव्हा एक नव्हतं, बुडा आणि पेस्ट अशी दोन गावं डॅन्यूब नदीच्या दोन काठांवर होती. वडील किराणा मालाचे व्यापारी, घरचं चांगलं चाललेलं. दहा भावंडांतला हा पाचवा. १८३७ साली पोरगं व्हिएन्नाला गेलं ते कायदा शिकायला. तिथे गेल्यावर त्याने लाईन बदलली आणि मेडिकलला गेला. १८४४ मध्ये डॉक्टर झाला, मग बाळंतपणाच्या शास्त्राकडे वळला आणि जुलै १८४६ मध्ये व्हिएन्ना जनरल हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात प्रोफेसर योहान क्लाइन यांचा असिस्टंट म्हणून लागला.

आता हे हॉस्पिटल समजून घ्यायला लागेल, कारण सगळी गोष्ट त्याच्या रचनेत आहे.

हा प्रसूती विभाग मोफत होता. पैसे नाहीत, नवरा नाही, घरच्यांनी हाकलून दिलंय अशा बायका तिथे यायच्या. बाळंतपण फुकट व्हायचं आणि पोराला अनाथाश्रमात जागा मिळायची. बदल्यात त्या बाईवर शिकाऊ डॉक्टरांनी शिकायचं, असा व्यवहार होता.

विभागाचे दोन भाग होते. १८४० च्या सुमारास अशी वाटणी झाली की पहिल्या भागात मेडिकलचे विद्यार्थी शिकतील आणि दुसऱ्या भागात सुईणी. बायकांना कुठे घ्यायचं ते वारावर ठरायचं. आज पहिल्या भागाची पाळी, उद्या दुसऱ्याची. म्हणजे तुमच्या पोटात कुठल्या दिवशी कळा सुरू होतात त्यावर तुमचा वॉर्ड ठरणार.

आणि तुमचा जीवही.

कारण पहिल्या भागात बाळंतज्वराने बायका भराभर मरत होत्या. बाळंतपण नीट व्हायचं, एक-दोन दिवसांत ताप चढायचा, पोट फुगायचं आणि बाई जायची. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या भागात शंभरातल्या जवळपास १० बायका दगावल्या. दुसऱ्या भागात सुमारे ४. एकाच हॉस्पिटलात, एका छपराखाली. शिवाय पहिल्या भागाचा आकडा खरं तर कमीच दिसत होता. साथ जोरात असली की तिथल्या आजारी बायकांना जनरल हॉस्पिटलच्या दुसऱ्या वॉर्डांत हलवायचे आणि तिथे झालेला मृत्यू प्रसूती विभागाच्या हिशोबात धरायचेच नाहीत. रेकॉर्ड चांगलं ठेवायची ही युक्ती काही आजची नाही.

व्हिएन्नातल्या बायकांना या टक्केवाऱ्या माहीत नव्हत्या. पण वॉर्ड माहीत होता. ही शेजारीण गेली ती परत आली नाही, ती दुसरी दुसऱ्या भागात होती ती पोर घेऊन घरी आली, असं करत करत बातमी गावभर पसरली होती. भरती होताना आज पहिल्या भागाची पाळी आहे हे कळलं की बायका गुडघे टेकून, हात जोडून सोडून द्यायची विनवणी करायच्या.

सेमेलवाइसने हे डोळ्यांनी पाहिलं. अजूनही बरंच पाहिलं. पहिल्या भागात ताप आलेली बाई डॉक्टर जवळ आला की मला काही झालेलं नाही म्हणून शपथा घ्यायची. पोट फुगलेलं, नाडी धावतेय, तरी ती ठणठणीत असल्याचं सांगायची. कारण डॉक्टरने हात लावला की माणूस मरतं, हे तिने शेजारच्या कॉटवर पाहिलेलं असायचं.

काही बायका तर हॉस्पिटलच्या वाटेवर, गल्लीबोळात बाळंत व्हायच्या. त्यातल्या काही मुद्दाम तसं करायच्या. शहरात कुठेतरी सुईणीकडून बाळंतपण उरकायचं आणि घोडागाडीतून येऊन वाटेत झालं म्हणून सांगायचं. म्हणजे पोराला अनाथाश्रमाची सोय मिळायची आणि पहिल्या भागात तपासणी करून घ्यावी लागायची नाही.

आता कुणालाही वाटेल की रस्त्यावर, थंडीत, घाणीत बाळंत झालेली बाई जास्त आजारी पडणार. सेमेलवाइसने हिशोब बघितला तर उलटंच निघालं. गल्लीत बाळंत झालेल्या बायकांना बाळंतज्वर फार कमी होत होता. ज्या बायका वॉर्डाला घाबरून गल्लीत बाळंत होत होत्या, त्यांचा अंदाज बरोबर होता.

सेमेलवाइसचं वेगळेपण इथे आहे. बाकीच्यांनी ही भीती अडाणीपणा म्हणून सोडून दिली. काहींनी तर भीती हेच आजाराचं कारण ठरवलं, म्हणजे बायका घाबरतात म्हणून मरतात. सेमेलवाइसने प्रश्न फिरवला. या भागाची एवढी भीती पसरायला आधी तिथे खूप बायका मेल्या असतील ना? मग सुरुवातीच्या बायका कशाने मेल्या?

त्या काळी पक्की समजूत होती की हवेत काहीतरी विषारी असतं आणि त्याने साथ येते. सेमेलवाइसचं म्हणणं, हवा तर दोन्ही भागांना एकच आहे. गर्दी? तर पहिला भाग टाळायला बायका दुसरीकडे धावायच्या, त्यामुळे गर्दी उलट दुसऱ्या भागात जास्त होती. जेवण, कपडे, वारं, सगळं सारखंच. पहिल्या भागात बायका कुशीवर नव्हे तर पाठीवर झोपवून बाळंत करत, म्हणून त्याने तीही पद्धत बदलून बघितली. फरक शून्य.

मग पाद्री. मरणाऱ्या बाईला शेवटचा विधी द्यायला पाद्री यायचा. खोल्यांची रचना अशी होती की पहिल्या भागात त्याला आजारी बायकांच्या खोलीपर्यंत सगळ्या वॉर्डांतून जावं लागायचं आणि पुढे एक माणूस घंटा वाजवत चालायचा. दिवसातून किती वेळा घंटा वाजली ते प्रत्येक कॉटवरची बाई मोजत असणार. स्वतः सेमेलवाइसलाही ती घंटा अंगावर यायची. त्याने पाद्र्याला विनंती करून दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यायला लावलं. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण त्या वॉर्डात पडून राहणं कसं असेल याचा विचार करून काहीतरी बदललं गेलं, हे त्या हॉस्पिटलमध्ये तरी नवीन होतं.

१८४६ च्या शेवटी एक सरकारी समिती बसली. तिने ठरवलं की विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, बायकांना आडदांडपणे तपासतात म्हणून हे होतं. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली. मृत्यू थोडे दिवस खाली आले आणि पुन्हा चढले.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस व्हेनिसहून सुट्टी संपवून परतला तर समोर वाईट बातमी. त्याचा मित्र, न्यायवैद्यकशास्त्राचा प्रोफेसर याकोब कोलेच्का गेला होता. पोस्टमॉर्टेम करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली, ताप चढला आणि काही दिवसांत खेळ खलास. सेमेलवाइसने कोलेच्काच्या शवविच्छेदनाचा रिपोर्ट वाचला आणि हादरला. हे सगळं त्याने शेकडो वेळा वाचलं होतं. बाळंतज्वराने मेलेल्या बायकांच्या रिपोर्टमध्ये.

कोलेच्काच्या शरीरात सुरीवरून प्रेताचं काहीतरी गेलं होतं. मग बायकांच्या शरीरात ते कशावरून जात होतं?

हातांवरून. पहिल्या भागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेतं फाडायचे आणि तिथून थेट वॉर्डात येऊन बाळंतिणींना आतून तपासायचे. साबणाने हात धुवायचे, पण वास जायचा नाही. सुईणी प्रेतं फाडत नव्हत्या, म्हणून दुसरा भाग बरा होता. गल्लीत बाळंत झालेल्या बाईला कुणी तपासतच नव्हतं, म्हणून ती वाचत होती. डॉक्टरने हात लावला की माणूस मरतं, हे बायकांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

यात सगळ्यात जास्त हात कुणाचा होता, तर स्वतः सेमेलवाइसचा. बायका का मरतात हे शोधायचं म्हणून तो रोज सकाळी वॉर्डाच्या आधी मेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करायचा. मधले काही महिने त्याच्या जागी दुसरा असिस्टंट होता, तो शवागारात कमी जायचा, तेव्हा मृत्यू घटले होते. सेमेलवाइस कामावर परतल्यानंतर एप्रिल १८४७ मध्ये ३१२ बाळंतिणींपैकी ५७ गेल्या. आपल्यामुळे किती बायका वेळेआधी गेल्या ते देवच जाणे, अशा अर्थाची कबुली त्याने पुढे आपल्या पुस्तकात दिली. त्या काळी अशी कबुली छापील पुस्तकात देणारे डॉक्टर फार नव्हते.

मे १८४७ च्या मध्यावर त्याने वॉर्डाच्या दारात क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं. नियम एकच, हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही. हे क्लोरीन महाग पडायला लागलं तेव्हा तो क्लोरीनयुक्त चुन्यावर आला. म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, गावाकडे ग्रामपंचायत टाकीत टाकते ती टीसीएल. जंतूंबद्दल तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं, त्यालाही नाही. त्याला फक्त हाताचा वास घालवायचा होता.

मे महिन्यात २९४ पैकी ३६ मृत्यू झाले होते. जूनमध्ये २६८ पैकी ६. जुलैमध्ये २५० पैकी ३.

ऑक्टोबरमध्ये एक फटका बसला. गर्भाशयाचा कॅन्सर झालेली एक बाई पहिल्या कॉटवर होती. तपासणी तिच्यापासून सुरू व्हायची, मग त्याच हातांनी पुढच्या बायका. एकाच वेळी बाळंत झालेल्या १२ पैकी ११ जणी गेल्या. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की धोका फक्त प्रेताचा नाही, जिवंत पेशंटच्या जखमेतली घाणही तेच करते. मग दर दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायचा नियम आला. १८४८ मध्ये मार्च आणि ऑगस्ट असे दोन महिने निघाले, ज्यात पहिल्या भागात बाळंतज्वराने एकही बाई गेली नाही. त्या वर्षी दोन्ही भागांचे आकडे जवळपास सारखे आले, शंभरात सव्वा ते दीड.

एवढे आकडे समोर आल्यावर सगळ्या युरोपने हात धुवायला पाहिजे होते. तसं झालं नाही.

व्हिएन्नातले काही मोठे डॉक्टर त्याच्या बाजूने होते. फर्डिनांड हेब्रा या मित्राने तर त्याच्या वतीने लेख लिहिले. पण प्रोफेसर क्लाइनना हे मान्य नव्हतं. मान्य करायचं म्हणजे इतकी वर्षं आपल्याच हातांनी बायका मेल्या हे मान्य करायचं. कील शहरातल्या गुस्ताव मिखाएलिस या प्रोफेसरने ते मान्य केलं, आपल्याकडे हात धुणं सुरू केलं, फरक बघितला आणि आपल्या हातून गेलेल्या बायकांचं ओझं सहन न होऊन १८४८ मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला.

आता सेमेलवाइसचीही चूक सांगितली पाहिजे. सगळं जग विरोधात होतं आणि हा एकटा बरोबर, अशी गोष्ट सांगायला सोपी असते, पण त्याने आपलं काम वेळेवर लिहूनच काढलं नाही. लिहायचा त्याला कंटाळा होता. दुसरे लोक त्याचं अर्धवट ऐकून अर्धवट लिहायचे आणि त्यावर टीका व्हायची. बाळंतज्वर संसर्गाने पसरतो हे अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्येच लिहिलं होतं. त्यांनाही नामांकित प्रसूतितज्ज्ञांनी उडवून लावलं, पण निदान त्यांचा लेख छापलेला तरी होता.

१८४८ मध्ये क्रांतीची धामधूम झाली, हंगेरी ऑस्ट्रियाविरुद्ध उठली आणि व्हिएन्नात हंगेरियन माणसाकडे संशयाने बघायला लागले. मार्च १८४९ मध्ये त्याची मुदत संपली, ती वाढवली नाही. पुढे शिकवायची परवानगी मिळाली ती फक्त पुतळ्यावर शिकवायची. अपमान गिळणं त्याला जमलं नाही. ऑक्टोबर १८५० मध्ये तो कुणालाही न सांगता, मित्रांचाही निरोप न घेता व्हिएन्ना सोडून गेला. जे लोक त्याच्यासाठी भांडले होते, त्यांनाही ते लागलं.

पेस्टमध्ये सेंट रोकुस नावाच्या छोट्या हॉस्पिटलात १८५१ पासून त्याने बिनपगारी प्रमुख म्हणून काम केलं. १८५७ पर्यंत तिथे ९३३ बाळंतपणं झाली आणि बाळंतज्वराने ८ मृत्यू. १८५५ मध्ये तो पेस्ट विद्यापीठात प्रोफेसर झाला. तिथे मृत्यू वाढायला लागले तेव्हा त्याने शोध घेतला, तर हात स्वच्छ होते पण चादरी घाण होत्या. काटकसरीच्या नावाखाली रक्त-पू लागलेल्या चादरी न धुता पुढच्या बाईला वापरल्या जात होत्या. वॉर्डात पेशंट ज्याच्यावर झोपतो ते कापड बघायला प्रोफेसर आला, हीही तेव्हा नवीनच गोष्ट होती.

१८५७ मध्ये त्याने मारिया वायडेनहोफरशी लग्न केलं. पाच मुलं झाली, त्यातली दोन तान्हेपणीच गेली. त्याच सुमारास झुरिचच्या विद्यापीठाने बोलावलं होतं, तिकडे तो गेला नाही.

अखेर पुस्तक आलं ते १८६१ साली, म्हणजे शोध लागल्यावर चौदा वर्षांनी. पाचशेच्या वर पानं, आकड्यांचे तक्ते आणि जिथे तिथे विरोधकांशी भांडण. टीका झाली तसा तो आणखी भडकला. युरोपातल्या नामांकित प्रोफेसरांना त्याने छापील उघडी पत्रं लिहिली आणि त्यांना सरळ खुनी म्हटलं. गेलेल्या बायका डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचा हा राग समजतो. पण ज्याला खुनी म्हटलं तो दुसऱ्या दिवसापासून हात कसा धुवायला लागेल? बायकांचं म्हणणं ज्या धीराने त्याने ऐकून घेतलं, तो धीर डॉक्टरांच्या बाबतीत त्याच्याकडे उरला नव्हता.

१८६५ पर्यंत त्याचं वागणंच बदललं. कुठलाही विषय निघाला की तो बाळंतज्वरावर यायचा. त्याला नक्की काय झालं होतं यावर डॉक्टर आजही वाद घालतात. ३० जुलै १८६५ ला नवीन दवाखाना दाखवतो असं सांगून त्याला व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. नेणारा माणूस हेब्रा, तोच जुना मित्र. आपल्याला कुठे आणलंय हे लक्षात आल्यावर सेमेलवाइसने बाहेर पडायची धडपड केली. तिथल्या पहारेकऱ्यांनी त्याला मारलं, हातपाय बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवलं. या पेशंटचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

१३ ऑगस्टला तो गेला. वय ४७. जखम सडून रक्तात विष पसरलं होतं, म्हणजे बाळंतिणी ज्याने जायच्या, कोलेच्का ज्याने गेला, तसंच. शवविच्छेदन त्याच व्हिएन्ना जनरल हॉस्पिटलमध्ये झालं. अंत्यविधीला मोजकी माणसं होती.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ ला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. पुढच्या काही वर्षांत त्यातून निर्जंतुक शस्त्रक्रियेची पद्धत उभी राहिली. बाळंतज्वराचा जंतू पाश्चर यांनी १८७९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांना फळ्यावर काढून दाखवला.

पेस्टमध्ये सेमेलवाइसच्या जागी यानोश डिशर नावाचे डॉक्टर आले. बाळंतिणींचे मृत्यू सहापट वाढून शंभरात ६ वर गेले. शहरातल्या डॉक्टरांपैकी कुणी चौकशी मागितली नाही. बुडापेस्टच्या मेडिकल विद्यापीठाला १९६९ मध्ये सेमेलवाइसचं नाव मिळालं आणि तो जन्मला त्या घरात आता वैद्यकीय इतिहासाचं म्युझियम आहे. त्याच्या अस्थीही शेवटी तिथेच आणून ठेवल्या आहेत.